लेखापरीक्षेचा अहवाल नेमका कोणासमोर ठेवायचा?

२५ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र विधानसभेत 'कॅग'चा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, एक विशेष अहवाल मांडला गेला. विषय होता मुंबई महानगरपालिका. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातली ७६ कामं, एकूण किंमत सुमारे १२,०२४ कोटी रुपये, एवढंच तपासलं होतं. सुमारे २१४ कोटींची कामं निविदा न मागवता दिलेली होती. सुमारे ४,७५६ कोटींच्या कामांत कंत्राटदारांशी रीतसर करारनामाच झालेला नव्हता. सुमारे ३,३५६ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षक नेमलेला नव्हता. करोनाकाळातल्या खर्चाची तपासणी तर होऊच शकली नाही, कारण साथरोग कायद्याकडे बोट दाखवून महापालिकेने ती कागदपत्रं दिलीच नाहीत.

त्यानंतर कोणी कोणावर काय आरोप केले, हे सगळ्यांना आठवत असेल. मला त्यात शिरायचं नाही. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. करारनामा झालेला नसणं ही काही खोल दडवलेली चलाखी नव्हे. कामाचं पहिलं देयक लेखा विभागात येतं, तेव्हा त्याला करारनाम्याची प्रत जोडलेली आहे की नाही हे कनिष्ठ लेखापालालाही दिसतं. मग हे शोधायला दिल्लीच्या अखत्यारीतली यंत्रणा का यावी लागली? महापालिकेत स्वतःचा लेखापरीक्षक नव्हता का?

होता, आणि आजही आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका अधिनियमात महापालिका मुख्य लेखापरीक्षकाचं पद आहे. त्याने महापालिकेचे लेखे आठवड्याच्या आठवड्याला तपासावेत, खर्चात किंवा वसुलीत काही गंभीर अनियमितता दिसली तर ती स्थायी समितीला कळवावी आणि वर्षाचा अहवाल द्यावा, असं कायदा सांगतो. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर ज्या १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात, त्यातही जवळपास हीच व्यवस्था आहे. नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती यांच्यासाठी राज्याच्या वित्त विभागाखाली स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय आहे. त्याच्या मागे १९३० चा कायदा आहे. वर कॅगचं तांत्रिक मार्गदर्शन आणि पर्यवेक्षण आहे. घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने, म्हणजे अनुच्छेद २४३-ञ आणि २४३-य यांनी, स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षेची जबाबदारी राज्यांच्या विधिमंडळांवर टाकलेली आहे.

तेव्हा महाराष्ट्रात लेखापरीक्षा होत नाही, ही तक्रार खरी नाही. ती होते, दर वर्षी होते, आणि अनेक ठिकाणी ती करणारी माणसं चोख काम करतात. ते प्रमाणकं (खर्चाच्या पावत्या) पाहतात, मोजमाप पुस्तिका कार्यादेशाशी ताडून पाहतात, अर्धसमास पत्रं म्हणजे लेखी विचारणा काढतात, उत्तर आलं नाही तर अहवालात आक्षेपाचा परिच्छेद लिहितात. अहवाल तयार होतो. आणि इथून पुढे त्याचा वाली कोणी उरत नाही. अहवाल कोणासमोर ठेवला जातो, तो कोण वाचतं आणि त्यावर कोणाला तोंडी, उघडपणे उत्तर द्यावं लागतं, हे आपण कधीच नीट ठरवलेलं नाही. स्थानिक कारभारातल्या लेखापरीक्षेचं खरं दुखणं हे आहे, असं माझं ठाम मत आहे. आणखी लेखापरीक्षक नेमून किंवा आणखी एक संगणकप्रणाली आणून ते दूर होणार नाही.

आधी महापालिकेचंच पाहू. मुख्य लेखापरीक्षक स्थायी समितीला जबाबदार, आयुक्तांना नाही, ही मूळ कल्पना फार चांगली आहे. खर्च करणारा आणि खर्च तपासणारा यांचे वरिष्ठ वेगळे असले पाहिजेत, हे त्यामागचं साधं तत्त्व. पण स्थायी समितीचं मुख्य काम काय? कंत्राटं मंजूर करणं. एका सभेत जी समिती एखाद्या रस्त्याच्या निविदेला मान्यता देते, त्याच समितीसमोर दोन वर्षांनी त्या रस्त्याच्या खर्चावरचा आक्षेप येतो. आपणच दिलेल्या मंजुरीची चिरफाड करायची हौस कोणाला असणार? म्हणून अहवाल विषयपत्रिकेवर तळाशी येतो, 'अवलोकनार्थ' येतो आणि दप्तरी दाखल होतो. अपवाद असतात. अभ्यासू नगरसेवकांनी लेखापरीक्षा अहवालातून प्रकरणं धसाला लावल्याची उदाहरणं जवळपास प्रत्येक शहरात आहेत. पण ती त्या त्या माणसाच्या चिकाटीमुळे घडली, व्यवस्थेमुळे नाही.

संसदेत आणि विधिमंडळात ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली. तिथे अंदाजपत्रक मंजूर करणारं सभागृह खर्चाच्या लेखापरीक्षेसाठी वेगळी लोकलेखा समिती नेमतं. संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याला या समितीसमोर येऊन बसावं लागतं आणि प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. जिल्हा परिषदांच्या बाबतीत महाराष्ट्र विधिमंडळाची पंचायती राज समिती असंच काम करते. तिचा दौरा एखाद्या जिल्ह्यात ठरला की काय होतं, हे जिल्हा परिषदेत काम केलेल्या कोणालाही विचारा. कॅफोंच्या, म्हणजे मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. वर्षानुवर्षं पडून असलेल्या परिच्छेदांची उत्तरं तयार होतात, न सापडणाऱ्या मोजमाप पुस्तिका सापडतात, ज्या रकमा वसूल होणं अशक्य म्हणून कळवलेलं असतं त्यांतल्या काही भरल्याही जातात. या धावपळीकडे तक्रारीच्या सुरात पाहिलं जातं. मला ती आशादायक वाटते. समोर बसून विचारणारं कोणी येणार आहे एवढं कळलं, तर हीच यंत्रणा आणि हीच माणसं उत्तर देऊ शकतात, हे तिच्यातून सिद्ध होतं. पण समिती दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यात जाऊ शकत नाही, आणि जाते तेव्हा तिच्या पुढ्यात बहुधा काही वर्षांपूर्वीचे अहवाल असतात.

महापालिकेच्या स्तरावर तर अशी समितीच नाही. ७४,४२७ कोटी रुपयांचं अंदाजपत्रक (२०२५-२६ चं मुंबईचं) मांडणाऱ्या संस्थेत लेखापरीक्षा अहवालाची सुनावणी घेणारी, विरोधी सदस्याच्या अध्यक्षतेखालची स्वतंत्र समिती नसावी, ही गोष्ट कोणत्याही निकषावर समर्थनीय नाही. देशातल्या अनेक लहान राज्यांचं अंदाजपत्रक एवढं नसतं, तरी त्या राज्यांत लोकलेखा समिती असते.

गेल्या काही वर्षांत तर ही मुळातली उणीव पार टोकाला गेली. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पुणे, ठाणे, नागपूर इथल्या मुदती त्याच सुमारास संपल्या. नवी मुंबई, कोल्हापूर आणि तेव्हाचं औरंगाबाद इथे तर २०२० सालीच प्रशासक बसले होते. प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, न्यायालयीन सुनावण्या यांत वर्षांमागून वर्षं गेली आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडेच होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, खर्च करणारे तेच. आणि मुख्य लेखापरीक्षकाने कायद्याने ज्या स्थायी समितीला अनियमितता कळवायची, ती समितीही तेच. ज्याच्या कारभाराचा अहवाल, त्यालाच तो सादर.

इथे कोणा एका अधिकाऱ्याच्या सचोटीवर शंका घेण्याचा प्रश्न नाही. त्या काळात काही ठिकाणी प्रामाणिक, कष्टाळू प्रशासक होते हे मान्यच आहे. पण देखरेखीची व्यवस्था ही अप्रामाणिक माणसासाठी जितकी लागते तितकीच प्रामाणिक माणसासाठीही लागते, कारण प्रामाणिक माणूसही चुकतो, घाईत असतो, हाताखालच्यांवर विसंबतो. जवळपास चार वर्षं, काही शहरांत पाचपेक्षाही जास्त वर्षं, महाराष्ट्रातल्या कोट्यवधी शहरवासीयांच्या कराचा पैसा कोणाही निवडून आलेल्या माणसाने उघड सभेत प्रश्न न विचारता खर्च झाला. हे आपण किती निमूटपणे सोसलं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं आणि दुःखही होतं. त्या काळात जे काही बाहेर आलं ते बव्हंशी पत्रकार, माहिती अधिकाराचे कार्यकर्ते आणि उच्च न्यायालय यांच्यामुळे.

शहरांकडून गावाकडे वळलं की प्रश्न तोच राहतो, फक्त माणसं कमी आणि कागद जास्त होतात. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. लेखा संहितेप्रमाणे ग्रामपंचायतीने ३३ नमुने ठेवायचे असतात. रोकडवही, कर आकारणी, कर मागणी, साठा नोंदवही, मोजमाप वही, अगदी झाडांची नोंदवहीसुद्धा. लेखापरीक्षेतल्या आक्षेपांची पूर्तता किती झाली, याच्या मासिक विवरणाचाही त्यात एक नमुना आहे. हे सगळं लिहायला माणूस एक. पूर्वी त्याला ग्रामसेवक म्हणत, आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. त्याच्याकडे बऱ्याचदा दोन-तीन गावांचा कार्यभार असतो. घरकुलं, नळजोडणी, स्वच्छता, निवडणुकीची कामं, वरून येणाऱ्या रोजच्या ऑनलाइन माहितीच्या मागण्या यांतून वेळ मिळाला तर रोकडवही.

आता एका साध्या कामाचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. गावात पंधरा लाखांचा सिमेंट काँक्रीटचा रस्ता होतो. मार्चअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून घाईने मोजमाप टाकलं जातं आणि देयक निघतं. लेखापरीक्षक येतो तोवर वर्ष, कधी दोन वर्षं उलटलेली असतात. तो मोजमाप वही पाहतो. जाडी अंदाजपत्रकापेक्षा कमी, गुणवत्ता चाचणीचा अहवाल नाही, रॉयल्टीची कपात नाही. तो आक्षेप लिहितो, वसूलपात्र रक्कम दाखवतो. पण तोवर ग्रामसेवकाची बदली झालेली असते, सरपंचाची मुदत संपलेली असते, शाखा अभियंता दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. दोषदायित्व कालावधी (कामातले दोष कंत्राटदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत) संपून कंत्राटदाराची सुरक्षा अनामतही परत गेलेली असते. नवा ग्रामसेवक लिहितो, 'सदर काम माझ्या कार्यकाळातील नाही.' ते खरंच असतं. पुढच्या वर्षी तोच आक्षेप 'प्रलंबित' म्हणून पुन्हा छापला जातो, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. १९३० च्या कायद्यात बेकायदा खर्च संबंधितांकडून वसूल करण्याची तरतूद आहे, पण जबाबदार माणूस हाताशी असताना ती क्वचितच चालवली जाते, आणि तो निवृत्त झाल्यावर ती चालवणं कटकटीचं होतं.

या सगळ्या साखळीत एक जागा अशी होती जिथे ती थांबवता आली असती. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की ग्रामसभेच्या आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेपुढे पंचायतीने वार्षिक लेखा विवरण, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि मागची लेखापरीक्षा टिप्पणी, तिला दिलेली उत्तरं असल्यास त्या उत्तरांसह, ठेवली पाहिजे. पुन्हा वाचा. लेखापरीक्षा टिप्पणी, उत्तरांसह, ग्रामसभेपुढे. लेखापरीक्षेचा शेवटचा मालक गावच आहे, हे या राज्याच्या कायदेमंडळाने फार पूर्वीच मान्य करून ठेवलं आहे. किती गावांत ती टिप्पणी मोठ्याने वाचली जाते? ज्यांनी ग्रामसभा पाहिल्या आहेत त्यांना उत्तर ठाऊक आहे. लाभार्थी निवड, तंटामुक्ती अध्यक्ष, एखादा रस्ता, अतिक्रमण यांवर सभा तापते. लेखापरीक्षा टिप्पणीचा विषय इतिवृत्तात एका ओळीत उरकतो: 'वाचून दाखवण्यात आली व सभेने कायम केली.'

लोकांना हिशेबात रस नसतो, असं यावर सर्रास सांगितलं जातं. हे मला मुळीच पटत नाही. त्याच गावातल्या महिला बचत गटाच्या मासिक बैठकीला जाऊन पाहा. कोणी किती भरलं, कोणाचं कर्ज किती थकलं, व्याज किती आलं, हे सगळ्यांसमोर वाचलं जातं आणि पाच रुपयांचा फरक पडला तरी बाई उठून विचारते. तिला हिशेब कळतो. फक्त तो तिच्या भाषेत, तिच्यासमोर, तिने विचारलेल्या प्रश्नाला बांधील राहून मांडला जावा लागतो. चाळीस पानांची टिप्पणी, 'अभिलेख लेखापरीक्षेस उपलब्ध करून न दिल्याने अभिप्राय देता येत नाही' अशा वाक्यांनी भरलेली, कोणालाच कळणार नाही. त्यातून चार गोष्टी वेगळ्या काढून सांगा. कोणतं काम, किती पैसे, काय चुकलं, कोणाकडून काय यायचं आहे. मग बघा ग्रामसभा कशी चालते.

याहून पुढे जाणारी एक तरतूद आपल्याच राज्याच्या आदिवासी भागात लागू आहे, आणि तिची चर्चा शहरांत होत नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या केंद्रीय कायद्यानुसार, अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतीने निधीच्या विनियोगाचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. गडचिरोलीतल्या, नंदुरबारमधल्या, पालघरमधल्या गावाने 'हा पैसा खरोखर या कामावर खर्च झाला' असं म्हटल्याशिवाय तो हिशेब पूर्ण होत नाही, असा याचा अर्थ. अंमलबजावणीत कितीही खोट असो, तत्त्व केवढं मोठं आहे! कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या रहिवाशाला आपल्या प्रभागातल्या पदपथाबद्दल असा कोणताही अधिकार नाही. शहरांसाठी क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या ग्रामसभेसारख्या सभांची, तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात आणली, पण ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली.

परदेशाचा एकच दाखला देतो, कारण तो नेमका या मुद्द्याचा आहे. इंग्लंडमध्ये लहानात लहान पॅरिश कौन्सिललाही (आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था) दर वर्षी अंतर्गत लेखापरीक्षा करून घ्यावी लागते. त्याशिवाय वर्षातून एकदा ३० कामकाजाचे दिवस कौन्सिलचे लेखे, देयकं आणि करार लोकांना तपासायला खुले ठेवावे लागतात. त्या काळात तिथला मतदार थेट बाहेरच्या लेखापरीक्षकाला प्रश्न विचारू शकतो, एखाद्या खर्चावर आक्षेप नोंदवू शकतो. आपल्याकडे माहिती अधिकार आहे, आणि दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक कार्यालयांतले अभिलेख पाहू देण्याचा राज्य शासनाचा २०१८ चा आदेशही आहे. पण माहिती घेऊन आलेला नागरिक ती कोणाला सांगणार? लेखापरीक्षकाकडे जाण्याची वाट त्याला नाही. ज्याला त्या रस्त्याची खरी जाडी माहीत आहे आणि ज्याला ती तपासायची आहे, या दोघांची गाठ पडण्याची सोय आपल्या पद्धतीत कुठेच नाही. ही वाट उघडायला कायद्यात फार मोठी दुरुस्ती लागणार नाही.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. ते बाजूला सारण्यासारखे नाहीत.

पहिला असा की लेखापरीक्षेच्या धाकाने अधिकारी निर्णयच घेत नाहीत, फाइल फिरवत राहतात. यात तथ्य आहे. पावतीवर महसूल मुद्रांक नाही हा आक्षेप आणि काम न करताच देयक दिलं हा आक्षेप एकाच अहवालात, एकाच टाइपात, शेजारी शेजारी छापले जातात. प्रामाणिक कर्मचाऱ्याला किरकोळ त्रुटीसाठी वर्षानुवर्षं उत्तरं द्यावी लागतात, आणि मोठी चोरी शेकडो परिच्छेदांच्या गर्दीत बुडून जाते. म्हणून आक्षेपांची प्रतवारी झालीच पाहिजे. तांत्रिक चुका स्थानिक पातळीवर तीन महिन्यांत निकाली काढाव्यात, आणि पैशाचं नुकसान, अपहार, निविदेतला पक्षपात यांवरचे मोजके परिच्छेद तेवढे सभागृहासमोर यावेत. पाच परिच्छेदांवर दोन तास चर्चा झाली, तर पाचशे परिच्छेद दप्तरी दाखल होण्यापेक्षा ते कितीतरी अधिक उपयोगाचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. लेखापरीक्षा अहवाल नगरसेवकांच्या हातात दिला की त्याचा वापर कंत्राटदाराला आणि अभियंत्याला दाबण्यासाठी होतो, असं अनेक अधिकारी खासगीत सांगतात. असं घडतं, हे मी नाकारत नाही. पण असा दबाव टाकता येतो तो अहवाल मोजक्यांनाच ठाऊक असतो म्हणून. जी गोष्ट संकेतस्थळावर सर्वांना दिसते आहे, जिच्यावर उघड सभेत उत्तर दिलं गेलं आहे आणि वर्तमानपत्रात आलेलं आहे, ती दाबून ठेवण्याची किंमत कोणी मोजत नाही. सौदेबाजी थांबवायची असेल तर अहवाल लपवून चालणार नाही, तो सर्वांसाठी एकाच दिवशी खुला करावा लागेल.

तिसरा आक्षेप: लेखापरीक्षकच विश्वासार्ह नसतील तर? मुंबईत २०१६ साली उघडकीला आलेल्या रस्ते घोटाळ्यात कंत्राटदारांबरोबर त्रयस्थ लेखापरीक्षण करणाऱ्या कंपन्यांवरही गुन्हे दाखल झाले. कामाचा दर्जा तपासायला ज्यांना पैसे दिले तेच सामील असल्याचा आरोप होता. माझ्या मते हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. त्रयस्थ लेखापरीक्षकाला कोण नेमतं, पैसे कोण देतं, अहवाल कोणाला मिळतो? बहुतेक ठिकाणी तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: ज्या विभागाचं काम तपासायचं, तोच विभाग. महापालिकेच्या अंतर्गत लेखापरीक्षेतही हाच धागा आहे. मुख्य लेखापरीक्षक भले शासनाच्या वित्त व लेखा सेवेतून प्रतिनियुक्तीवर आलेले असतील, त्यांच्या हाताखालचा वर्ग महापालिकेच्याच आस्थापनेवरचा असतो. आज ज्या विभागावर कडक परिच्छेद लिहायचा, त्याच विभागात उद्या बदली होऊ शकते. माणसं धाडसी असू शकतात, असतातही, पण रोजच्या धाडसावर उभी केलेली व्यवस्था टिकत नाही. लेखापरीक्षा विभागाचा कर्मचारीवर्ग वेगळा असावा, त्याच्या कामगिरीवरच्या गोपनीय अहवालांची साखळी आयुक्तांपर्यंत जाऊ नये, आणि त्रयस्थ संस्थांची नेमणूक मुख्य लेखापरीक्षकानेच करावी.

वेळेचा मुद्दा मात्र मी सगळ्यांच्या वर ठेवीन. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेतल्या गैरव्यवहारात, तत्कालीन आयुक्तांनी २००६ साली फिर्याद दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने निकाल दिला तो ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवून. मधे तेरा वर्षं गेली, आणि योजना तर त्याच्याही आधीच्या दशकातली. ज्यांच्यासाठी ती घरं होती त्यांच्या आयुष्याची दोन दशकं त्यात गेली. खटल्याची शिक्षा झाली तरी घर मिळत नाही. लेखापरीक्षेचं मोल यासाठी आहे की ती वेळेत झाली, ऐकली गेली, तर फौजदारी खटल्यापर्यंत पोचण्याआधी, पैसे अजून हाताशी असताना, चूक थांबवता येते. त्यासाठी एक अगदी व्यवहारी नियम करता येईल. ठरावीक रकमेवरच्या कोणत्याही कामाची सुरक्षा अनामत, त्या कामाच्या वर्षाची लेखापरीक्षा पूर्ण होऊन त्यावरचे आर्थिक आक्षेप निकाली निघाल्याशिवाय, परत करायची नाही. मग लेखापरीक्षा लवकर व्हावी यासाठी पहिला तगादा कंत्राटदारच लावेल. अधिकाऱ्याच्या बाबतीतही बदलीच्या वेळी त्याच्या कार्यकाळातल्या प्रलंबित आक्षेपांची यादी त्याच्या सहीने पुढच्या जागी जावी, म्हणजे 'माझ्या कार्यकाळातील नाही' हे उत्तर कोणालाच देता येणार नाही.

केंद्रीय वित्त आयोगांनी या बाबतीत थोडा रेटा दिला आहे, तो मान्य करायला हवा. १५ व्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानासाठी लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन उपलब्ध असण्याची अट घातली. पंचायतींची लेखापरीक्षा नोंदवण्यासाठी 'ऑडिटऑनलाइन' ही प्रणाली आली. यामुळे लेखे वेळेवर बंद होऊ लागले. पण लेखे भरले म्हणजे अनुदान सुटतं, आणि अनुदान सुटलं की अटीचं काम संपतं. आक्षेपावर काय केलं, हे तिथे कोणी विचारत नाही. विचारायला गावातलं, शहरातलं माणूसच लागतं.

म्हणूनच हा क्षण महत्त्वाचा आहे. महापालिकांची आणि नगरपरिषदांची सभागृहं दीर्घ खंडानंतर पुन्हा भरली आहेत. निवडून आलेल्यांपैकी पुष्कळ जण पहिल्यांदाच आत आले आहेत. त्यांच्या पहिल्या वर्षात पाणी, कचरा, खड्डे यांची मागणी असणार आणि ती रास्तच आहे. पण प्रशासकांच्या काळातल्या प्रत्येक वर्षाचा मुख्य लेखापरीक्षकांचा अहवाल मागवणं, त्यासाठी विरोधी सदस्याच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमणं, तिच्या बैठका पत्रकारांना आणि नागरिकांना खुल्या ठेवणं, आणि संबंधित खातेप्रमुखांना समोर बसवून परिच्छेदागणिक उत्तर घेणं, यासाठी मुंबईला किंवा मंत्रालयाला विचारत बसण्याची गरज नाही. सभागृहाचा एक ठराव पुरेसा आहे. सत्ताधारी पक्ष कोणताही असो, हा काळ त्याच्या नगरसेवकांचा नव्हता, त्यामुळे स्वतःच्या मंजुऱ्या तपासायची अडचणही यावेळी नाही. पाच वर्षांनी ती पुन्हा असेल. पुढचं अंदाजपत्रक सभेपुढे येण्याआधी हे अहवाल पटलावर आले पाहिजेत, आणि कोणत्या शहराच्या महापौरांनी ते मागवले, कोणी नाही, याची नोंद त्या त्या शहरातल्या नागरिकांनी ठेवली पाहिजे.